वाचून मिळेल

सीबीएसच्या सिग्नलजवळ, कोर्टाच्या भिंतीला लागून
माझं टेबल. एक पाय आखूड,
त्याच्याखाली घडी घालून जुना स्टॅम्पपेपर.
सत्तावीस वर्षं.
आधी रेमिंग्टन, मग कॉम्प्युटर, मग प्रिंटर,
दर वेळी कुणीतरी म्हणालंच:
आता संपलं तुमचं, कालिंदीताई.

रविवार कारंजावर शिकले मी, दुसऱ्या मजल्यावर,
मिनिटाला चाळीस शब्द.
करंगळीला रफार सापडायलाच महिना गेला.
'कारणे सत्यप्रतिज्ञापत्र लिहून देते की'
हे माझी बोटं झोपेतही म्हणतात.

हल्ली लोक अर्ज घेऊनच येतात. मोबाइलमध्ये.
ताई, फक्त प्रिंट.
पानाला पाच रुपये.
भाच्यानं नाहीतर शेजारच्या पोरीनं
एआयला सांगितलेलं असतं,
आणि त्यानं, पाणी पिऊन होईस्तोवर,
लिहिलेलं असतं.

खोटं कशाला बोलू, चांगलं लिहितं.
'वस्तुस्थिती'त मी कायम अडखळते, ते नाही.
फक्त नम्र फार.
'अत्यंत जड अंतःकरणाने नमूद करू इच्छितो'
अहो, तहसीलदाराला अंतःकरण कशाला?
त्याला तारीख हवी असते.

मंगळवारी हरसूलकडची बाई आली. हौसाबाई मौळे.
वारसनोंदीचा अर्ज, मुलानं आश्रमशाळेतून पाठवलेला,
दोन पानं, चूक एक नाही.
प्रिंट काढली. दहा रुपये.
बाई उभीच.
सवयीनं विचारलं, मालकांच्या कागदावर
तुमचं नाव काय लागलंय?
पिशवीतून प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमधून कागद.
एकावर होसाबाई. रेशनकार्डावर हवसाबाई.
एका नवऱ्यामागे तीन बाया,
आणि चौथ्या टेबलावरच्या भाऊसाहेबांना
तिघींपैकी एकही चालणार नाही.

अजून कुणी आहे का, यात न लिहिलेलं?
ती भिंतीकडे बघायला लागली.
रिक्षा गेल्या, सिग्नल दोनदा पडला.
मग म्हणाली, पेठला एक आहे.
माझ्या आधीची.
पोराला माहीत नाही.

पोराला माहीत नाही
ते पोरानं यंत्राला काय सांगावं?

तासभर बसलो. चहा मी सांगितला.
नवा अर्ज अर्ध्या पानाचा झाला, ओबडधोबड,
उर्फ, उर्फ करत तिन्ही नावं एका दाव्याला बांधली.
(उर्फइतका उपयोगी शब्द मला आयुष्यात भेटला नाही.)
टायपिंगचे तीस झाले.
आणि विचारण्याचे?
ते मी कधी घेतलेच नव्हते.
ते टायपिंगमध्येच असायचं, चहात साखर असते तसं,
आता नुसती साखर कुणी विकत घेईल का?

मृण्मयीच्या अंबडच्या ऑफिसात बाराजणी होत्या, चौघी राहिल्या.
गिऱ्हाइकांना उत्तरं मशीन देतं,
ती दिवसभर ती तपासते.
रात्री जेवताना म्हणाली, आई, मीसुद्धा आता वाचतेच गं.
आणि ताट पुढे सरकवलं.

मीही काही सोवळी नाही.
परवा अन्सारीभाईंना इंग्रजी नोटीस आली, सात पानी,
मी फोनसमोर धरली, मिनिटात मराठी.
शंभर रुपये घेतले.
झोप लागली.

बोर्ड बदलायला शालिमारला गेले.
गणपत पेंटर होता तिथे आता फ्लेक्सवाला बसतो.
पोरगं म्हणालं, सांगा.
म्हटलं: येथे अर्ज वाचून मिळेल.
ताई, 'टाइप करून' ना?
नाही. वाचून.
स्क्रीनवर त्या शब्दाखाली लाल रेघ आली.
मशीन चूक दाखवतंय, तो म्हणाला.
दाखवू दे.
आणि खाली, बारीक अक्षरात:
विचारण्याचे वेगळे.
किती टाकू?
जागा सोड, म्हटलं.